सही, शिक्का आणि सक्शन मशीन

सरकारी दवाखान्यात गेल्यावर माणूस आधी डॉक्टर आलेत का ते बघतो, मग औषध आहे का ते बघतो, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या यंत्रावर नजर गेलीच तर ‘हे बंदच असणार’ असं मनाशी म्हणून पुढच्या रांगेत उभा राहतो. ते यंत्र त्या कोपऱ्यापर्यंत आलं कसं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मला पडतो, कारण आमचे दाजी सक्शन मशीन बनवतात.

सक्शन मशीन म्हणजे घशात अडकलेला कफ, ऑपरेशनच्या जागी साचणारं रक्त ओढून घेणारं यंत्र. एक मोटर, एक पंप, दोन जार, काट्याचं गेज, नळ्या आणि खाली चार चाकं. दिसायला अगदी साधं. पण बाळंतपणाच्या खोलीत ऐनवेळी ते ओढेनासं झालं, तर मोठमोठ्या डिग्र्या असलेली माणसंही हताश होऊन त्याच्याकडे बघत राहतात.

दाजींची शेड कुपवाड एमआयडीसीत आणि गिऱ्हाईक शेजारच्या मिरजेत. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून त्या गावाला दवाखान्यांचा तोटा नाही. डॉक्टर फोन करायचे, दुसऱ्या दिवशी टेम्पोतून मशीन जायचं, पैसे महिन्याभरात यायचे. बिघडलं तर दाजी स्वतः पाना-स्क्रू ड्रायव्हर घेऊन जायचे आणि चहा पिऊन परत यायचे. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, “खासगीत काय ठेवलंय? सरकारी पुरवठ्यात व्हॉल्यूम आहे, व्हॉल्यूम!” दाजींचा जिलबीकडे गेलेला हात तिथेच थांबला.

मी बँकेतून निवृत्त झालेला. शर्ती-अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय अजून सुटलेली नाही. माझ्या बहिणीने, अक्काने, परस्पर जाहीर करून टाकलं, “कागदाचं सगळं आमचा दादा बघेल.” दाजी म्हणाले, “पाव्हणं, दोनचार कागद आहेत, बाकी काही नाही.” ‘दोनचार कागद’ हा शब्दप्रयोग ज्याने रूढ केला, त्याने आयुष्यात एकही निविदा भरलेली नसणार.

पहिलं पाऊल परवान्याचं. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ सालचे. ते १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. तरी बरीच उपकरणं त्यांच्या कक्षेबाहेर होती, त्यामुळे दाजींची झोप शाबूत होती. मग फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल २०२० पासून झाडून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या लेखी ‘औषध’ झाली. सक्शन मशीनसुद्धा! अक्काने त्याच आठवड्यात महिला मंडळात सांगून टाकलं की, आमच्याकडे आता औषधांचं उत्पादन होतं. दोघीजणी खोकल्याचं काही आहे का, म्हणून विचारायला आल्या.

या नियमांत उपकरणांचे धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. जीभ दाबायची पट्टी ए वर्गात, हृदयाची कृत्रिम झडप डी वर्गात. सक्शन मशीन बी. दाजींना आधी हे पटलं नाही. “आपलं मशीन बी ग्रेड कसं? कुणाचीही कंप्लेंट नाही!” त्यांना समजावून सांगितलं की, इथे जितकं पुढचं अक्षर तितकी जोखीम मोठी आणि कागद जास्त. मग ते लगेच म्हणाले, “मग ए मिळतंय का बघा.” ए आणि बी वर्गासाठी परवाना १ ऑक्टोबर २०२२ पासून सक्तीचा झाला, सी आणि डीसाठी त्यानंतर वर्षाने. आमच्या वर्गाचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, पण त्याआधी मान्यताप्राप्त संस्थेचे ऑडिटर येऊन कारखाना तपासतात.

ऑडिटर मशीन तपासणार, अशी दाजींची समजूत. त्यांनी एक मशीन पॉलिश करून मधोमध ठेवलं, शेजारी पाण्याची बादली ठेवली, ओढून दाखवायची तालीमही केली. ऑडिटर आले, मशीनकडे बघून “छान” म्हणाले आणि पाठ फिरवून म्हणाले, “एसओपी दाखवा.”

पुढचे काही तास त्या मशीनकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. एसओपी म्हणजे कुठलंही काम कसं करायचं याचा लेखी शिरस्ता. माल आत घेण्याची एसओपी, तपासण्याची, नापास माल वेगळा ठेवण्याची, उंदीर-झुरळं यांच्या बंदोबस्ताची, आणि या सगळ्यांच्या आधी, एसओपी कशी लिहावी याची एसओपी. दाजींनी हळूच मला विचारलं, “ती कशी लिहायची याची पण आहे का?” मग तक्रार नोंदवही मागितली. दाजींनी अभिमानाने कोरी वही पुढे केली. ऑडिटरांच्या कपाळावर आठ्या. “एकही तक्रार नाही? मग तक्रार नोंदवायची पद्धतच नाही तुमच्याकडे.” त्यानंतर दाजींनी मिरजेतल्या एका जुन्या डॉक्टरांना फोन करून कळकळीने विनंती केली की, काहीतरी तक्रार करा. डॉक्टर भले गृहस्थ. “चाक कुरकुरतं” असं त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं.

चाचांचं प्रकरण त्याहून अवघड होतं. चाचा शेडमधले सर्वांत जुने फिटर; शेड उभी राहिली तेव्हापासून सोल्डरिंग त्यांच्या हातचं. पण त्यांना सोल्डरिंग येतं, याचा कागद नव्हता. प्रशिक्षणाची नोंद हवी. प्रशिक्षण देणार कोण? तर कागदोपत्री पात्र असा एकच माणूस, नुकता लागलेला डिप्लोमावाला पोरगा, ज्याला सोल्डरिंग आयर्न हातात धरायला चाचांनीच शिकवलं होतं. त्याने चाचांना रीतसर शिकवलं, दहा मार्कांची परीक्षा घेतली, चाचांना आठ पडले. उरलेले दोन कुठे गेले, हे चाचा त्याला अजून जेवणाच्या सुट्टीत विचारतात.

हे सगळं मी हसत हसत सांगत असलो, तरी त्यातल्या एका फाइलपुढे माझं हसणं थांबलं. ती जोखमीची फाइल. आपलं यंत्र कुठेकुठे, कसंकसं चुकू शकेल आणि लोक ते कसंकसं चुकीचं वापरतील, याची यादी करायची. प्रत्येक धोक्याची शक्यता किती, परिणाम किती गंभीर, आणि उपाय काय, ते लिहायचं. सल्लागाराने तयार नमुना पाठवला होता, पण त्यात सगळं ‘विद्युतदाब’ आणि ‘गळती’ छापाचं. खरी यादी अक्काने सांगितली. सासूबाईंच्या आजारपणात तिने वॉर्डात बरेच दिवस काढलेले. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “लिहा. नातेवाईक मशीनवर बसतात. झाकणावर जेवणाचा डबा ठेवतात. आणि मोबाइल चार्ज करायला मशीनचा प्लग काढतात.” दाजींचा स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. पहिल्या दोन धोक्यांसाठी झाकणाला उतार दिला, आता त्यावर डबाही राहत नाही आणि माणूसही. तिसऱ्यासाठी प्लगपाशी लाल पट्टी आणि मराठीत ठळक अक्षरांत सूचना. पुढे दाजींनी बॅटरीवर चालणाऱ्या मॉडेलचं मनावर घेतलं, त्याचं मूळही त्या प्लगमध्येच आहे. ऑडिटरांनी ती तीन पानं दोनदा वाचली आणि हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं.

कोविडमध्ये पेन्सिलीला लावला तरी ९८ दाखवणारे ऑक्सिमीटर व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी बघितले होते. त्यामुळे लेथ आणि ड्रिल असलेल्या कुणीही उठून माणसाच्या श्वासाशी संबंध असलेलं यंत्र विकू नये, एवढं मला पटतं. परवान्याच्या कागदांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझा राग आहे तो त्यापुढच्या कागदांवर.

परवाना हातात आला, म्हणजे आता विकायचं. पण विकायचं कुणाला? तमिळनाडूने औषध खरेदीसाठी १९९४ सालीच स्वतंत्र महामंडळ काढलं. आपल्याकडे खरेदी एका घरी फार काळ नांदत नाही. २०१७ मध्ये ती हाफकिन महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. शिवाय जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होणारी खरेदी वेगळी, जिल्हा परिषदेची वेगळी, महापालिकेची वेगळी, आणि २०१६ पासून केंद्राचं ‘जेम’ पोर्टल आहेच. दाजींनी लेटरहेडवर ‘प्रति’ लिहून पुढची जागा मोकळी ठेवायला सुरुवात केली.

निविदेचे दोन लिफाफे असतात, तांत्रिक आणि आर्थिक. सगळं ऑनलाइन झालं तरी लिफाफे शिल्लक आहेत. पहिल्यात आपण कोण हे सांगायचं, दुसऱ्यात किंमत. आपण कोण, हे सांगायला दाजींना एका फोनमध्ये अर्धं मिनिट लागायचं. इथे पॅन, जीएसटी, उद्यम नोंदणी, तीन वर्षांची विवरणपत्रं, परवाना, आयएसओ १३४८५, एनएबीएल प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल, आणि उलाढालीचा सीएचा दाखला. त्या दाखल्यावर यूडीआयएन नंबर नसेल तर तो दाखलाच नव्हे. मग प्रतिज्ञापत्रं. आमची फर्म काळ्या यादीत नाही, यापूर्वी नव्हती, आणि असलेल्यांशी आमचं काही नातं नाही. यासाठी शंभराचा स्टँप पेपर चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. म्हणजे काही केलं नाही, हे सांगायचासुद्धा खर्च पाचपट. प्रत्येक पान छापायचं, त्यावर सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचं, चढवायचं, आणि मग त्याच पानावर पुन्हा डिजिटल सही. ही डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते. अक्का ते टोकन देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवते. पासवर्ड सलग चुकला तर टोकन कुलूपबंद होतं, म्हणून पासवर्ड टाकताना घरात कुणी बोलत नाही.

सर्वांत मानाचा कागद म्हणजे अनुभवाचा दाखला. मागच्या तीन वर्षांत असंच उपकरण शासकीय रुग्णालयाला पुरवलेलं असावं. पुरवलं नसेल तर निविदा नाही, आणि निविदा नसेल तर पुरवणार कसं? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण बहुधा एखाद्या पुरवठादारानेच काढली असावी. दाजींनी पूर्वी एका ग्रामीण रुग्णालयाला लहानशा दरपत्रकावर एक मशीन दिलं होतं. तेवढ्या आधारावर दाखला मिळाला, पण त्यावर जावक क्रमांक नव्हता. जावक क्रमांकाविना कागद हा नुसता कागद असतो. तो क्रमांक टाकणारे भाऊसाहेब आधी प्रशिक्षणाला, मग निवडणुकीच्या कामाला, मग मुलीच्या लग्नाला. चौकोनी शिक्क्यात पेनाने लिहिलेल्या त्या चार आकड्यांसाठी दाजींनी जितकं पेट्रोल जाळलं, तितक्यात मशीनचा एक पंप आला असता.

मी सवयीप्रमाणे अटी मुळापासून वाचत होतो, तर मध्येच सापडलं: ‘पुरवठ्याच्या वेळी वस्तूची किमान दोन तृतीयांश वापरमुदत शिल्लक असावी.’ औषधाच्या निविदेतून ती अट तशीच उचलून आलेली. सक्शन मशीनला कसली आलीय एक्स्पायरी? निविदापूर्व बैठकीत दाजींनी विनयाने विचारलं. शेजारच्या पुरवठादाराने विचारलं की, उंची ८७.५ सेंटिमीटरच का, ८८ चालेल का. हा अर्धा सेंटिमीटर कुणाच्या कॅटलॉगातून आला, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे छताकडे बघत होते. काही दिवसांनी शुद्धिपत्रक आलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: ‘निविदेतील अटीप्रमाणे.’ दुसऱ्याचं उत्तर: ‘निविदेतील अटीप्रमाणे.’ त्यानंतर मुदतवाढ, मग दुसरं शुद्धिपत्रक, त्यात उंचीपुढे ‘अंदाजे’ आलं. वापरमुदतीची अट मात्र शेवटपर्यंत जागेवर राहिली. दाजींनी पत्र दिलं की, आमचं मशीन ताजं आहे.

दर उघडले, दाजी एल-टू, म्हणजे कमी दरात दुसरे. फोनवर त्यांचा आवाज बारीक झालेला. मग मी त्यांना अटींमधलं एक वाक्य वाचून दाखवलं. सूक्ष्म आणि लघू उद्योगांसाठीच्या केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सोय आहे: सर्वांत कमी दर मोठ्या उद्योगाचा असेल आणि आपला दर त्याच्या पंधरा टक्क्यांच्या आत असेल, तर तोच दर मान्य करून आपल्याला पंचवीस टक्क्यांपर्यंत पुरवठा मागता येतो. या निविदेत ती लागू होती. दाजींनी रात्रभर कॅल्क्युलेटर चालवला. सकाळी म्हणाले, “पाव्हणं, नफा राहत नाही, पण दाखला मिळतोय.” हे ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की, दाजी आता या धंद्यात मुरले.

मग बँक गॅरंटी. एकेकाळी त्याच खुर्चीत बसून मीही लोकांना हेच सांगायचो, त्यामुळे बोलायची सोय नव्हती: गॅरंटी हवी, तर तेवढ्याची एफडी ठेवा. हमीकाळ तीन वर्षं, वर साठ दिवस. म्हणजे मशीनचे पैसे यायचेत, आणि आपलेच पैसे तिथे अडकलेले. उशीर झाला तर दर आठवड्याला अर्धा टक्का दंड, दहा टक्क्यांपर्यंत. उशीर म्हणजे आपला. त्यांचा उशीर झाला तर त्याला ‘प्रक्रियेत आहे’ म्हणतात.

माल पोहोचवायला मी दाजींबरोबर एका ग्रामीण रुग्णालयात गेलो होतो. भांडारपाल रजेवर, किल्ली त्यांच्या खिशात. किल्ली दुपारी आली. चालवून दाखवायचं म्हटलं तर भिंतीवरच्या प्लगमध्ये आमची पिन बसेना. ते जुळवलं तर लाइट गेली. शेवटी चार-साडेचारला लाइट आली तेव्हा सगळे साहेब कुठे ना कुठे पांगलेले, आणि लेबर रूमच्या सिस्टर हात पुसत बाहेर आल्या. दाजी माहितीपुस्तिका उघडून पान एकपासून सुरू करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “सरका जरा.” बटण दाबलं, नळीचं तोंड अंगठ्याने बंद केलं. गेजचा काटा चढत सहाशेच्या वर गेला. अंगठा काढला, काटा शून्यावर आला. “मागच्याचा काटा परत यायचा नाही,” त्या म्हणाल्या. मग जारचं झाकण काढून त्यांनी मनगटापर्यंत हात आत घातला आणि तळाशी बोटं फिरवली. “जातोय हात. घासायला बरा. चालेल.”

आमच्या फाइलीत सगळं होतं. जार तिथल्या माणसाला आतून घासता येतो का, हे कुठल्याच तक्त्यात विचारलेलं नव्हतं. मी सिस्टरना म्हटलं, तेवढी अहवालावर सही करा. त्या हसल्या. सही करायचा अधिकार त्यांना नव्हता. सही वैद्यकीय अधीक्षकांची, आणि ते बैठकीसाठी जिल्ह्याला गेलेले.

बिलाचं काय, हे सगळे विचारतात. सूक्ष्म-लघू उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात लिहिलंय की, पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत; नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी ‘समाधान’ नावाचं पोर्टलही आहे. मी उत्साहाने तो अर्ज भरून दाजींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. “पाव्हणं, व्याज मागितलं तर पुढचा दाखला कोण देणार?” आता ते रोज सकाळी एका लिपिकाला फोन करून बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या प्रणालीवर, निधी आला का विचारतात. एकतीस मार्चच्या आसपास निधी येतो, असा सर्वांचा अनुभव आहे. कुठल्या वर्षीच्या मार्चला, ते कुणी नक्की सांगत नाही.

तेव्हा ज्यांना कुणी पंगतीत ‘व्हॉल्यूम’ सांगितला असेल, त्यांनी परवाना जरूर काढावा, जोखमीची फाइल घरच्या बायकांना विचारून लिहावी, पण निविदा भरण्याआधी बँकेतून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यावी. आणि घरात अटी शेवटपर्यंत वाचणारा एखादा निवृत्त माणूस असेल, तर त्याच्याशी निदान हमीकाळ संपेपर्यंत भांडू नये.